एक माप कमी

त्या संध्याकाळी दुकानाची आवराआवर करताना मावशीने फिकट पिवळ्या लोकरीचे सहा गुंडे स्वतःसाठी बाजूला काढले. त्या रंगाचा तो शेवटचाच साठा होता. सोबत नमुन्याचा कागद घेतला. लहान मुलांचं कार्डिगन, क्रोशाचं, गळ्यापासून खाली एकसंध विणत जायचं, कुठे शिवण नाही की जोड नाही. लोकर आणि बटणं विकण्यात तिची सतरा वर्षं गेली होती. गिऱ्हाइकांना शिकवता शिकवता तिचा हात इतका बसला होता की बोलता बोलता, न बघता ती ओळीच्या ओळी घालायची.

“कुणासाठी?” दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं.

“आमच्या मनीला. थंडी सुरू झाली ना आता.”

“माप घेतलंस?”

“मला कशाला हवंय माप? केवढी आहे ते माझ्या हातांना माहीत आहे.”

आता ही मनी म्हणजे मावशीची भाची. मावशी हा शब्द तोंडात मावेना तेव्हापासून ती मावशीला माऊ म्हणायची. दोघी मिळून मनीमाऊ, असं शेजारीपाजारी चिडवायचे आणि मावशीला ते चिडवणं फार गोड लागायचं. मनीची आई ही मावशीची थोरली बहीण. मनी दीड वर्षाची असताना ताईला ताप आला आणि चौथ्या दिवशी ताई गेली. भाऊजींची नोकरी फिरतीची, म्हणून मनी मावशीकडे आली. ‘माय मरो आणि मावशी उरो’ ही म्हण तेव्हा येईल तो ऐकवून जायचा. बहिणीसाठी रडता रडता मावशीला ती म्हण आतून आवडली होती. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. आपणही बाहेर बोलायला नको.

साडेतीन वर्षं मनी तिच्या कुशीत झोपली. मग भाऊजींनी दुसरं लग्न केलं, फिरतीची नोकरी सोडली आणि मुलीला घेऊन गेले. नवी बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. शांत, कामसू, कधी आवाज चढवणार नाही. शोधूनही तिच्यात खोट सापडत नव्हती, आणि मावशीच्या लेखी हीच तिची सगळ्यात मोठी खोट. मनातल्या मनात मावशी तिला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणायची. त्यात नवी तिला ‘ताई’ म्हणून हाक मारायची. आणि मनी नवीला म्हणायची, ‘आई’. तो शब्द कानावर पडला की मावशीला रात्री जेवण जायचं नाही. मूल आपण वाढवायचं, नाक आपण पुसायचं, आणि हाक मात्र दुसरीने घ्यायची!

तर, नमुन्याच्या कागदावर प्रत्येक सूचनेत चार आकडे होते, एक, दोन, चार आणि सहा वर्षांच्या मुलांसाठी. आपल्या मापाच्या आकड्याभोवती आधीच पेन्सिलने गोल करत जायचं, म्हणजे पुढे गोंधळ होत नाही. मावशीने गोल केले आणि विणायला बसली. बारा दिवसांत कार्डिगन झालं.

नवीच्या घरी पिशवीतून ते बाहेर काढताना तिच्या लक्षात आलं, की गोल पडले होते ते तिसऱ्या आकड्याभोवती. चार वर्षांच्या. मनी आता सहाची होती. तिच्या हातांना माहीत होती ती दोन वर्षांपूर्वीची मनी. मावशी शरमेने कानकोंडी झाली. सतरा वर्षं दुकानात काढलेली बाई, आणि मापच चुकावं!

“जरा लहान वाटतंय का हो, ताई?” नवीने अगदी हळू विचारलं.

तेवढ्यात मनीने बाह्यांत हात घातलेसुद्धा. बटणं लागली. खांदे खांद्यांवर, मनगटं मनगटांवर. कुठे ओढलं नाही की आखडलं नाही. नवी चकित होऊन हसली. “तुमच्या हातात जादूच आहे.”

मनी मात्र हसत नव्हती. ती खोलीभर बघत होती, पाहुण्यांच्या घरी मुलं बघतात तशी. मग धावत आली, मावशीच्या मांडीत तोंड खुपसलं आणि म्हणाली, “माऊ, आपण घरी कधी जायचं?”

नवीचं हसू ओठांवरच राहिलं. मावशीने ते बघितलं आणि, खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की परत जाताना ती रस्ताभर गुणगुणत होती.

तीन आठवड्यांनी नवीचा फोन आला. आवाज बसलेला.

“ताई, मनी ते कार्डिगन काढूच देत नाही. झोपतानासुद्धा नाही. तिच्या चपला ढिल्या पडायला लागल्यात. शाळेतून निरोप आला, अक्षरं विसरलीय म्हणून. आणि मला… मला काल ती काकू म्हणाली.”

“मुलं म्हणतात काहीबाही,” मावशी म्हणाली. फोन तिने दोन्ही हातांनी धरला होता.

“परवा पायरीवरून पडली. मनगट सुजलं, म्हणून मीच एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, फिल्म कुणाची तरी बदलली. मनगटातल्या हाडांवरून वय कळतं, ताई. ते म्हणाले, ही चार वर्षांच्या मुलाची हाडं आहेत. पण बदलेल कशी? माझ्या हाताने काढली मी…”

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ती दिवसरात्र तुमचंच नाव घेते. थोडे दिवस ठेवून घ्याल तिला?”

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी गत झाली. संध्याकाळी भाऊजी मनीला सोडून गेले. जिना चढताना तिने मावशीचं बोट धरलं होतं, आणि ते बोट पूर्वीसारखंच मुठीत पुरेपूर मावत होतं.

पाच दिवस सुखाचे गेले. सहाव्या दिवशी दुपारी मनीने दुधाचा पेला अंगावर उपडा केला. लोकरीने दुधाचा वास धरला तर जात नाही, म्हणून मावशीने तिला गोडीगुलाबीने समजावून कार्डिगन काढलं आणि कोमट पाण्यात बुडवलं. मनी खिडकीत जाऊन उभी राहिली. पाणी एकदा बदलून होतं न होतं तोच पुढच्या खोलीतून आवाज आला. मनी समोरच्या दुकानावरची पाटी वाचत होती. एकेक अक्षर, मग शब्द, मग अख्खी ओळ घडाघडा.

“माऊ,” ती आत येऊन म्हणाली, “मी इथे कधी आले? आई कुठेय?”

दारावर तिची उंची मापायच्या खुणेपाशी तिचं डोकं सकाळपेक्षा चार बोटं वर होतं. मावशी ओलं कार्डिगन हातात धरून उभी होती. पाणी तिच्या पायांवर गळत होतं. काय घडतंय ते तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

दुसरी कोणी असती तर तिने ते चुलीत घातलं असतं. मावशीने ते पिळलं, टॉवेलमध्ये गुंडाळून सुकवलं, आणि मनी झोपल्यावर उसवायला बसली. कारण तिचा हिशेब पक्का झाला होता. चार वर्षांची मनी पुन्हा पाच वर्षांची होणार, आणि पाचव्या वर्षी तिला न्यायला येणारच होते. पण दोन वर्षांची मनी! दोन वर्षांच्या मनीला जगात माऊशिवाय कुणीच नव्हतं. बापालासुद्धा ती ओळखत नव्हती. लोकर तीच, कागद तोच, फक्त गोल दुसऱ्या आकड्याभोवती. एक माप कमी.

तीन दिवस ती विणत होती, दुकानात रजा टाकून. आणि ते तीन दिवस मनी सहा वर्षांची होती. सकाळी उठली की आई. जेवताना आई. “आई असं नाही करत, आई केस हळू विंचरते.” दुपारी नवीचा फोन आला की मनी धावत जाऊन उचलायची आणि पाठमोरी होऊन कुजबुजायची. मावशीच्या बोटांवरचा धागा आवळत जायचा. दर टाक्यासरशी ती दात खायची.

हाताला राग कळतो, हे ती स्वतः गिऱ्हाइकांना सांगायची. भांडण करून विणायला बसू नका, टाके घट्ट येतात आणि माप घसरतं. आधी वीतभर चौकोन विणून बघा, टाके मोजा, मग सुरुवात करा. या वेळी तिने चौकोन विणला नाही. घाई होती.

चौथ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं होतं. खोलीत दिवा लावावा असा अंधार, पण दिवा लावायचं तिला सुचलं नाही. शेवटची गाठ डाव्या मनगटावर पडली. मांडीवर धरल्यावर ते कार्डिगन जरा लहानच वाटलं, पण तिने मनाची समजूत घातली.

“मनी, ये बघू. हात घाल.”

“हे बाहुलीचं आहे का गं?” मनी हसत म्हणाली आणि तिने हात घातला.

हात आत गेला. दुसराही गेला. मावशीने खाली मान घालून चारही बटणं लावली आणि वर बघितलं, तेव्हा मनीचा फ्रॉक जमिनीवर पसरला होता आणि त्याच्या मधोमध मनी बसली होती. तिला उभं राहता येत नव्हतं. केस विरळ, मऊ. तोंडात खाली दोन दात.

“मने… माऊकडे ये.”

मनीने तिच्याकडे बघितलं. अनोळखी माणसाकडे तान्ही मुलं बघतात तसं, टक लावून. मग खालचा ओठ बाहेर आला आणि तिने भोकाड पसरलं. मावशीने हात पुढे केले तशी ती मागे सरकली, आणखी मोठ्याने रडली.

दोन नव्हे. एक वर्ष. रागाच्या हाताने आणखी एक माप खाल्लं होतं. आणि एक वर्षाच्या मनीला मावशी माहीतच नव्हती, कारण तेव्हा…

रडणं एकदम थांबलं.

मनी मावशीच्या खांद्यावरून मागे बघत होती, खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे. तिचे डोळे ओले होते, पण तोंडभर हसू होतं. तिने दोन्ही हात वर केले, उचलून घे म्हणून.

“आ… ई.”

खोलीत वास आला. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या पदराला येतो तसा, कोमट, आंबूस. खुर्चीची वेतं करकरली. मावशीला मान वळवता येईना. मनीचं बूड हळूच जमिनीवरून सुटलं. वीतभर वर. तिने मान कलती केली आणि काहीच नव्हतं तिथे गाल टेकवला. पाठीवरची पिवळी लोकर पाच ठिकाणी दबली. चार बोटं आणि एक अंगठा. मग मनी डुलायला लागली, पुढे, मागे, पुढे, मागे.

खरं सांगायचं, तर मावशीला पहिल्यांदा भीती वाटली नाही. पहिल्यांदा तिला हेवाच वाटला. मरूनसुद्धा हिचंच! जिवंतपणी सगळं हिचं, आणि आताही पहिली हाक हिचीच!

मग तिने मनीच्या पायांकडे बघितलं. तळवे पांढरे पडले होते. नखं निळी. डोळे मिटत चालले होते आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. ताई तिला झोपवत होती. ताई जिथे होती तिथे न्यायला.

“ताई…” मावशी म्हणाली. “ताई, नको… तिला राहू दे गं.”

डुलणं थांबलं नाही. मावशीने झडप घालून बटणांना हात घातला, पण काजं इतकी घट्ट होती की बटण मागे फिरेना. तिने दाताने मनगटावरची गाठ तोडली आणि धागा ओढला.

क्रोशाचं एक बरं असतं, शेवटचा टाका सुटला की सगळं सुटत जातं. डावी बाही गेली. उजवी गेली. धागा तिच्या पायांशी साठत होता. अंगाचा घेर सुटायला लागला तशी मनी जड होऊन खाली आली, जमिनीवर टेकली, तिने डोळे उघडले. गालांवर रंग आला. तोंडात दात भरले. तिने मावशीकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

“माऊ!” ती म्हणाली, बोबडं, आणि गळ्यात पडायला हात पसरले. “माऊ, माजी माऊ.”

मावशीचा हात थांबला.

हेच तर हवं होतं. हीच, दोन वर्षांची. इथे गाठ मारली की झालं. ताई गेल्यानंतर एकदाही कुणी न बघितलेलं रडू तिला त्या क्षणी फुटलं. धाग्याचं टोक बोटांत होतं. गाठ मारायला कितीसा वेळ लागतो?

आणि मग तिच्या हातातला धागा पलीकडून कोणीतरी हलकेच ओढला. एक टाका परत पडला. तिच्या डोळ्यांसमोर, सुईशिवाय. मग दुसरा. मनीच्या पायाची नखं पुन्हा निळसर झाली.

ही जोवर लहान राहील तोवर ताई इथून हलणार नाही, हे मावशीला कळलं. ताईच्या हाताला पोचणार नाही एवढी मनी मोठी व्हायला हवी होती. आणि मोठी मनी मावशीची नव्हती.

तिने ओठ चावून धागा ओढला. ओळीमागून ओळ. ‘माजी माऊ’चं ‘माझी माऊ’ झालं, मग नुसतं ‘माऊ’. खांदे सुटले, गळा सुटला, शेवटची साखळी सुटली, आणि समोर सहा वर्षांची मुलगी थंडीने कुडकुडत उभी होती.

“माऊ, तू का रडतेस? आई कुठेय?”

“बोलावते हं,” मावशी म्हणाली. “आत्ता बोलावते तुझ्या आईला.”

ते दोन शब्द, ‘तुझ्या आईला’, तिने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारले. फोनवर नवी काही न विचारता निघाली आणि अर्ध्या तासात आली. मनी तिच्या कमरेला बिलगली. नवी पुन्हा पुन्हा तिची मनगटं चाचपत होती. “ताई, तुमचे उपकार कसे फेडू?” ती म्हणाली. मावशीने दोघींच्या मागे दार लावून घेतलं.

ती आत आली तेव्हा खुर्चीवर लोकर होती. जमिनीवर गुंता टाकून ती दारापर्यंत गेली होती, आणि आता नीट गुंडाळलेला गुंडा खुर्चीवर होता. त्यात सुई खोचलेली. सुईवर नवी साखळी. मावशीने मोजली. कागदावरच्या सगळ्यात लहान मापालाही साठ टाके लागतात. इथे चाळीस होते. आत्ताच जन्मलेल्या बाळाला पुरतील एवढे.

तिने साखळी उसवली. पाणी प्यायला उठली, परत आली, तर दोन ओळी झालेल्या. त्याही उसवल्या. एकदा तिने धीर करून धाग्याचं टोक गॅसवर धरलं. क्षणात फोन वाजला. दुधाने मनीचा ओठ भाजला होता. पुन्हा तिने जाळायचं नाव काढलं नाही.

तेव्हापासून ती लोकर मावशीच्या पिशवीत असते. ती दुकानात जाते, गिऱ्हाइकं करते, आणि हात रिकामा झाला की मांडीवर घेऊन बसते. “कुणासाठी विणताय?” कोणी विचारलं तर म्हणते, “विणत नाही हो, उसवतेय.” झोपते ती थोडी थोडी, घड्याळाचा गजर लावून. मनीला भेटायला जात नाही, कारण लोकर त्या घरात न्यायची नाही आणि मागे एकटी सोडायची नाही. नवीला वाटतं, ताई रुसल्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

काल दुपारी मात्र गजर झाला नाही, की तिला ऐकू आला नाही, कोण जाणे. जाग आली ती फोनने. मांडीवर इवलंसं कार्डिगन होतं, अंग पुरं, एक बाही पुरी, दुसरी कोपरापर्यंत आलेली.

“माऊ,” मनी म्हणाली, “माझा दात पडायला आला होता ना, तो आता हलतच नाहीये. घट्ट बसला परत.”

मावशीने फोन कान आणि खांद्यामध्ये धरला आणि धागा ओढायला सुरुवात केली. भराभरा, हाताला कापेल इतक्या जोरात. बाही गेली. दुसरी गेली.

“आता बघ, मनी. आता हलतोय?”

“नाही.”

अर्धं अंग सुटलं. “आता?”

“थोडा… हो! हलतोय! माऊ, तुला कसं कळलं?” मनी खिदळली. मावशीने डोळे मिटून श्वास सोडला. पलीकडे मनी गप्प झाली होती, काहीतरी कान देऊन ऐकत असल्यासारखी.

“माऊ,” तिने हळूच विचारलं, “तुझ्याजवळ बसून टाके कोण मोजतंय गं?”